देवानंद, दुसरा परीक्षक मी होतो

देवानंद, तुझा तो निबंध अडवणारा दुसरा परीक्षक मीच होतो. तुझ्या घरी परवापरवापर्यंत असे समजत होते की तुझे काम कच्चे होते, म्हणून मोठ्या नियतकालिकाने ते परत पाठवले. तूही तसेच समजत गेलास. ते खरे नव्हते, आणि ते खरे नव्हते हे ठाऊक असलेला माणूस इतकी वर्षे तुझ्या शेजारी बसून चहा पीत होता.

तू गेल्यापासून मला फारसे काही होतच नाही. जेवतो, वर्गावर जातो, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. घरचे म्हणतात, एकदा रडून घ्या. रडू कुठून आणायचे, ते मात्र कुणी सांगत नाही. स्मशानातून परतल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर संगणकावर तुझे नाव टाकून पाहिले. तुझे सगळे निबंध होते तसे एकाखाली एक उभे होते. कोणाच्याही मरणाने तिथे काही हलत नाही. मी बराच वेळ तो पडदा पाहत राहिलो आणि मग जेवायला गेलो.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना आपल्या व्यवसायाची रीत ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. संशोधकाने निबंध पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे तपासायला देतात. त्यांची नावे लेखकाला कधीच कळत नाहीत. लेखकाला फक्त पहिला परीक्षक, दुसरा परीक्षक एवढेच दिसते. हा पडदा चांगल्यासाठी आहे. परीक्षकाने भीड न ठेवता खरे बोलावे, हा त्यामागचा हेतू. पडद्याआड बसलेला माणूस मोकळेपणाने आणखीही काही करू शकतो, याचा विचार हा नियम करणाऱ्यांनी केला असेल की नाही, मला ठाऊक नाही.

संपादकाची विचारणा आली तेव्हा मी नागपुरात विभागात बसलो होतो. शीर्षक वाचले आणि कळले. हत्तीरोगाच्या प्रौढ कृमींवर, पळसाच्या फुलातल्या पिवळ्या द्रव्यावरून सुचलेली नवी संयुगे. तुमसरच्या एका लहानशा महाविद्यालयात बसून हे तुझ्याशिवाय कोण करणार होते? लेखक ओळखीचा असेल तर नकार कळवावा, असा नियम आहे. एका ओळीचे काम होते. मी ती ओळ लिहिली नाही. मी स्वतःला समजावले की एवढ्या वर्षांत आपण दोघांनी मिळून काही छापलेले नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आपला संबंध नाही. आंधळगावजवळच्या ज्या बोडीत आपण दोघे पोहायला शिकलो, तिच्या पाण्याला हे तांत्रिकदृष्ट्या कसे वाटले असते, कोण जाणे.

निबंध चांगला होता. हे मी आधी म्हणतो, कारण अभिप्रायात मी ते म्हटले नव्हते.

आक्षेप खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तुझ्या सर्वांत प्रभावी संयुगाच्या एका टोकाला दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी होते. अशा रचनेचा रेणू समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. कृमी मरतो खरा, पण तो औषधाने मेला की सरसकट विषाने मेला, हे कळत नाही. म्हणून मी मागणी केली की निरोगी मानवी पेशींवर हेच संयुग तपासून दाखवावे. कोणत्याही जाणत्या परीक्षकाने तीच मागणी केली असती. पण ती करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी अधिक ठाऊक होत्या. तुमसरला पेशी वाढवण्याची सोय नव्हती. आणि ती जवळात जवळ होती, ती माझ्या विभागाच्या वरच्या मजल्यावर. तू माझ्याकडेच येशील, हे मला मागणी लिहितानाच दिसत होते.

तू आलास. सकाळच्या गाडीने आलास, घामेजलेला, हातात संपादकाचे पत्र छापून आणलेले. विभागाबाहेरच्या टपरीवर आपण बसलो. तुझ्याशी बोलताना मी नकळत आपल्या बोलीत शिरत असे. नागपुरात मला ती इतर कुणापुढे येत नसे.

“पहिला मानूस चांगला हाय बे,” तू म्हणालास. “म्हनते, छापून टाका. हा दुसरा मातर... त्या दिवशी याच्या बायकोनं याले उपाशी ठेवलं असंल.”

“कोन असंल?” मी विचारले. हे मी विचारले, देवानंद.

“मले वाटलं जर्मन. येवढा शिस्तीचा.” तू कागद डोळ्यांजवळ नेलास. “पन नाही. जर्मन जागोजागी ‘काइंडली’ लिवत नाही. आपलाच कोनी तरी हाय. आपल्याच मास्तरच्या हाताखाली शिकलेला.” आणि तू खदखदून हसलास. मीही हसलो. टपरीवाल्यानेही आपल्याकडे पाहून हसून घेतले.

मग तू कागदाची घडी घातलीस आणि म्हणालास, “थे जाऊ दे. बोलते बरोबर. ते दोन हायड्रॉक्सिल मलेबी खटकून राहिले होते. पेशीवर करून दाखवा म्हनते. तुह्याकडं होऊन जाईल काय?”

“इन्क्यूबेटरले बुरशी लागली हाय,” मी म्हणालो. “सगळं धुवून काढनं चालू हाय. दोन-तीन महिने काही खरं नाही.”

बुरशी लागली होती, हे खरे. ती आठवड्याभरात साफ झाली, हेही खरे. मी खोटे बोललो नाही, असे मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

“बुरशीलेबी आत्ताच यायचं होतं,” तू म्हणालास. मग खिशातून कापसात गुंडाळलेली काचेची लहान कुपी काढलीस. तळाशी चिमूटभर पिवळी पूड होती. “ठेव तुह्याजवळ. मशीन सुधरली का टाकून पाहून घे. विषारी निंघालं तं निंघालं. मले फक्त सांग.”

त्या दुपारी माझ्या टेबलावर आपण दोघांनी मिळून दुसऱ्या परीक्षकाला द्यायचे उत्तर लिहिले. तुझे इंग्रजी मी सुधारले. चाचणीसाठी अवधी मिळावा, अशी नम्र विनंती मीच शब्दांत बसवली. काही दिवसांनी ती विनंती संपादकाकडून माझ्याकडे आली, आणि मी लिहिले की या चाचणीशिवाय निबंध छापण्यायोग्य नाही. आपल्या दोघांच्या आयुष्यातले ते एकमेव सहलेखन. त्यावर फक्त तुझे नाव होते, आणि ते कुठेही छापले गेले नाही.

तुला जाणून घ्यायचे असेल, की का. मलाही जाणून घ्यायचे आहे. मी तुझे काम चोरले नाही. त्या विषयावर माझे स्वतःचे काही नव्हते. मग मला काय मिळत होते?

मला आठवते, एमएस्सीला असताना आपण सुट्टीत गावी आलो की तुझी आई ओट्यावर बसलेली असे. सगळा गाव तिला सखुमाय म्हणत असे. एक पाय पाटावर ठेवलेला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकसारखा जाड झालेला. तो पाय घेऊन ती धानाच्या बांधीतल्या चिखलात रोवणी करत असे. वर्षातून एकदा आरोग्य खात्याच्या बाई गोळ्या घेऊन दारात येत आणि समोर गिळायला लावत. सखुमाय गिळून टाकी आणि म्हणे, “गोळ्या खाऊन खाऊन माह्यं पोट भरलं बाई. पाय काही भरायचा थांबला नाही.” त्या गोळ्या रक्तातल्या पिल्लांना मारतात. मोठे कृमी आत नसांत गाठी मारून बसतात, त्यांचे काही फारसे बिघडत नाही. ते वाक्य वर्गात कुणीतरी सांगितले तेव्हा मी ते उतरवून घेतले. तू उतरवून घेतले नाहीस. तू तास संपेपर्यंत फळ्याकडे पाहत बसलास.

पुढे मी नागपुरात प्राध्यापक झालो, तू तुमसरला गेलास. माझे निबंध भराभर येत गेले. एका रेणूचा सांगाडा घ्यायचा, त्याला कधी क्लोरीन लावायचे, कधी ब्रोमीन, कधी मिथॉक्सी. मग ठरलेल्या जंतूंवर तपासायचे, तक्ता करायचा आणि पाठवून द्यायचे. छापले जात. इतर लोक त्यांच्या अशाच निबंधांत माझे संदर्भ देत, मी त्यांचे देत असे. आमच्या या देवघेवीला प्रभाव म्हणतात, आणि तो आकड्यांत मोजता येतो. तू भेटलास की डॉक्टरने विचारावे तसे विचारायचास, “बोल, साखर किती, बीपी किती, एच-इंडेक्स किती?” मी चिडत असे. मी म्हणे, आकडे नसतील तर कोणाचे काम चांगले हे ठरवायचे कसे? तू म्हणायचास, “माह्या मायचा पाय काही इम्पॅक्ट फॅक्टरनं उतरत नाही बे.” मी म्हणे, हे भावनिक आहे. तू म्हणायचास, “असंल.” हा वाद आपण किती तरी वर्षे घातला. तो मी कधी जिंकलो नाही, आणि तूही मला कधी हरवले नाहीस. तू मध्येच विषय सोडून कोंबडीच्या रश्श्याकडे वळायचास.

तुझ्या निबंधाला एक प्रश्न होता. माझ्या एकाही निबंधाला नव्हता. परीक्षक म्हणून तो वाचताना ही गोष्ट मला पहिल्या पानावर कळली, आणि मला ती सहन झाली नाही. हे कारण मी अनेक वर्षे पुरेसे मानले.

ते पुरेसे नाही. अभिप्रायाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिले होते. लेखकांच्या संस्थेतील एकंदर सुविधा पाहता सादर केलेल्या निरीक्षणांवर कितपत विसंबावे, याचा संपादकांनी विचार करावा, असे. निबंधात तसे वाटण्याजोगे काही नव्हते. मग हे वाक्य आले कुठून? त्याचा सूर मी ओळखतो. आमच्या पडवीत उभ्या असलेल्या तुझ्या बाबांशी माझे वडील त्या सुरात बोलत असत. कधी शिवी नाही, कधी आवाज चढवणे नाही. फक्त केलेले काम पुन्हा एकदा दाखवायला लावायचे. मी गावाबाहेरच्या तुमच्या टोलीत येऊन सखुमायच्या हातचे जेवलो होतो, आणि त्या एका जेवणावर मी स्वतःला वडिलांपेक्षा मोठा समजत आलो. नाव झाकलेले असताना माणूस काय लिहितो, त्यावरून तो कुणाचा मुलगा आहे ते कळते. माझे कळले. फक्त मलाच कळले, एवढेच.

तुझे काम कसे चाले, हे मी त्या वाक्याआधी आठवायला हवे होते. तुझ्याबरोबर मी एकदा त्या कामावर आलो होतो. माणसातले कृमी बाहेर काढता येत नाहीत, म्हणून त्यांच्या जातीचे, म्हशीच्या पोटात सापडणारे कृमी तपासणीसाठी वापरतात. ते आणायला नागपूरच्या कत्तलखान्यात पहाटे जावे लागे. तिथले लोक तुला ओळखत होते. “आले अळीवाले सर,” असे म्हणून ते तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवत. कोमट मिठाच्या पाण्यात ते पांढऱ्या दोऱ्यासारखे जीव सोडायचे, थर्मासमध्ये भरायचे आणि ते थंड व्हायच्या आत एसटीने तुमसर गाठायचे. त्या दिवशी तू थर्मास मांडीवर लेकरासारखा धरून बसला होतास. शेजारी मोहाडीला उतरणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी बराच वेळ थर्मासकडे पाहिले आणि न राहवून म्हणाल्या, “भाऊ, घोटभर चहा देतं काय? मळमळून राहिलं.”

तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, “आजी, चहा नाही. औषध हाय.”

“कायचं?”

“हत्तीपायाचं. अजून झालं नाही. होऊन राहिलं.”

आजींनी लुगडे जरासे वर करून स्वतःचा पाय पाहिला, मग तुझ्याकडे पाहिले. “मंग लवकर कर बाबू,” म्हणाल्या. तू हसला नाहीस.

तुमसरच्या प्रयोगशाळेत खिडकीशी बसून तू काचेच्या ताटलीत ते कृमी पाहत असायचास. कोण वळवळते, कोण मंदावले, कोण थांबले. एमएस्सीला मला स्फटिक पाडता येत नसत तेव्हा तूच माझ्या हातातून चंचुपात्र घेऊन काचेच्या कांडीने आतून घासायचास. “खाजव बे त्याले. खाजवल्याशिवाय स्फटिक येत नाही,” म्हणायचास, आणि खरोखर पांढरे कण खाली उतरत. परीक्षेत मी पास झालो तो त्या कांडीमुळे. मी तुझे आभार मानल्याचे मला आठवत नाही. तेव्हा आपल्यात आभार मानण्याची पद्धत नव्हती, असे म्हणून मी सुटू शकतो. पण पुढे ती पद्धत मी शिकलो होतो. परदेशातल्या प्राध्यापकांना मी पानभर आभार लिहीत असे.

निबंध परत आल्यावर तू तो एका लहान नियतकालिकात दिलास. तिथे कोणी काही विचारले नाही आणि छापल्यावर कोणी वाचलेही नाही. तू त्या संयुगांवर पुढे काम केले नाहीस. मी विचारले तेव्हा म्हणालास, “कच्चं होतं बे. दुसरा परीक्षक बरोबर बोलला.” मी मान हलवली.

काही वर्षांनी दूरच्या एका मोठ्या संस्थेने जवळजवळ त्याच सांगाड्यावर काम छापले. त्यांनी त्या दोन हायड्रॉक्सिलपैकी एक काढून टाकला होता आणि पेशींवरच्या चाचण्या केल्या होत्या. तो निबंध गाजला. त्याच्या शेवटच्या संदर्भयादीत, खूप खाली, तुझा लहानसा निबंध होता. तू उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन नागपूरला आलास. माझ्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून शिंगाडे ओतलेस आणि म्हणालास, “आपला नंबर लागला बे! पाहा, आपलं नाव हाय. स्पेलिंग चुकली हाय, पन आपलंच हाय.” आपण शिंगाडे सोलून खाल्ले. तुझ्या अंगठ्याला काळे डाग पडले. मी तुझा आनंद पाहत होतो आणि मला कळत होते की हा निबंध तुझा असू शकला असता. तुला ती चाचणी मिळाली असती तर एक हायड्रॉक्सिल काढायचा हे तुला दुसऱ्या दिवशी सुचले असते. त्या दिवशी सांगता आले असते. टेबलावर शिंगाड्यांची साले होती, दार बंद होते, तू खुशीत होतास. मी विचारले, “वहिनी कशा हायेत?”

मला प्रामाणिक राहायचे आहे, म्हणून आणखी एक लिहितो. तुझे ते संयुग औषध झाले असते, असे मी आजही म्हणणार नाही. बहुधा ते पेशींनाही जाळत असणार. माझा आक्षेप मी मागे घेत नाही. पण तू मला पास कर म्हणाला नव्हतास. तू म्हणाला होतास, मले फक्त सांग. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा तुझ्या हक्काचे होते. ते ऐकून तू पुढचा रेणू केला असतास. मी तुला ‘नाही’ही दिले नाही.

तू गेल्याचे प्रज्ञाने फोनवर सांगितले. तुझी मुलगी, जी लहानपणी तुझ्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि आता भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने शांतपणे सांगितले, मी शांतपणे ऐकले. तू अखेरच्या भेटीत “एकदा येजो घरी, बसू निवांत,” म्हणाला होतास. मी “येतो,” म्हणालो होतो. फोन ठेवल्यावर मी प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला. तुझी कुपी मागच्या कप्प्यात होती. ती मी फेकली नव्हती. वापरलीही नव्हती. पिवळी पूड काळपट तपकिरी झाली होती, काचेला चिकटली होती. त्या दोन हायड्रॉक्सिलांना हवा लागली की असेच होते. तिच्यातून आता कोणतेही उत्तर निघणार नव्हते. संयुग पुन्हा बनवता येईल. फुले आहेत, कृती छापलेली आहे, एखादा विद्यार्थी पंधरवड्यात करून दाखवील. उत्तर मागणारा मात्र पुन्हा बनवता येत नाही. हे सगळे मला स्पष्ट कळत होते, जसे तक्त्यात लिहिलेले कळते. वाईट वाटल्याचे आठवत नाही.

तुला कळले होते का? त्या ‘काइंडली’पाशी तू हसलास, तेव्हा तुझी नजर माझ्यावर क्षणभर थांबली होती, असे मला कधी कधी वाटते. कधी वाटते की मीच ती नजर नंतर तिथे ठेवली, म्हणजे तुला ठाऊक होते आणि तू क्षमा केली होतीस, असे मला मानता यावे. मी ते मानणार नाही. मी न मागितलेली क्षमा तुझ्या नावावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गावी आलो. विहारासमोर मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, शुभ्र कपड्यांतली माणसे होती. आधी घरी गेलो. शालू वहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या, मी बसवले.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आज तुमी बोला. तुमी मोठे प्रोफेसर, तुमचं लोक आयकतेत. गावात म्हनतेत, मास्तरनं जिंदगीभर अळ्या पाह्यल्या अन् हाती काही लागलं नाही. त्याइले जरा समजून सांगा, काय करत होते ते.”

प्रज्ञा दारात उभी होती. तिने आईचे बोलणे संपू दिले आणि मग म्हणाली, “काका, मला खोटं कौतुक नको. मी एमएस्सीला रसायनशास्त्र घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, माझ्यासारखं कच्चं काम करू नको. मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. तुम्ही त्यांचा पेपर वाचला असेल ना? खरंच कच्चं होतं काय?”

मी म्हणालो, “तिथंच सांगतो.” ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटले असावे की मी टाळतो आहे. मलाही तसेच वाटले.

वंदना झाली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या गेल्या. दोघे-तिघे तुझ्याविषयी बोलले. तू कोणाच्या मुलाला शिकवणी दिलीस, कोणाला दवाखान्यात नेलेस. मग माझे नाव पुकारले. मी खिशातून भाषण काढले. त्यात तुझे निबंध होते, संदर्भ होते, औषधी रसायनशास्त्रातील योगदान होते. चांगल्या मराठीत लिहिलेले होते. पहिले वाक्य वाचले. समोर वहिनी पदर सावरून, मान वर करून बसल्या होत्या. प्रज्ञा त्यांच्या मागे उभी होती, हाताची घडी घालून, कठोर परीक्षकासारखी. मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. मला त्या कागदावरचे दुसरे वाक्य दिसेना. डोळ्यांत पाणी नव्हते. ते वाक्य माझ्या कामाचे नव्हते, एवढेच.

मी कागद खिशात ठेवला. प्रज्ञाकडे पाहून सांगितले की निबंध छापायच्या आधी तो तपासायला दिला जातो, आणि तिच्या बाबांचा निबंध ज्यांना दिला गेला त्यांच्यातला एक मी होतो. तिच्या हातांची घडी सुटली. वहिनींना अजून कळले नव्हते, त्या मान डोलावत होत्या. त्यांनाही कळेल असे सांगायला हवे होते. माझा आवाज मुळातच लहान आहे. मांडवातला माणूस ध्वनिक्षेपक माझ्या तोंडाजवळ आणून धरू लागला. मग मी तुझ्या फोटोकडे वळलो आणि आपल्या बोलीत बोललो.

“देवानंद, तुह्यं काम कच्चं नव्हतं. तुले ती चाचनी मागनारा मीच होतो, अन् तू माह्या दारात आला तं नाही म्हननाराबी मीच होतो. मशीन आठ दिवसांत सुधरली होती. मी तुले सांगतलं नाही. तुह्या कामावर विश्वास ठेवू नका, असंबी मीच लिवलं होतं, अन् ते खोटं होतं. वहिनी, प्रज्ञा, हे याच्या तोंडावर सांगाची माही हिंमत झाली नाही, म्हनून तो सोतालेच दोष देत गेला. दोष त्याचा नव्हता. माहा होता. मले माफ कर, देवानंद.”